मोजणीच्या खोलीतला मंगळवार

आमच्या कंपनीत एक कॉम्प्युटर होता, त्याच्यात कायम मंगळवार असायचा. जून महिन्यातला, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. बाहेर दिवाळी असो नाहीतर मार्चअखेरची धावपळ, त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात तोच वार आणि तीच तारीख.

आम्ही चाकणला गाड्यांचे लोखंडी सुटे भाग बनवतो. बनवलेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही हे तपासायला काळ्या दगडी टेबलाचं एक मोजणी यंत्र आहे, आणि हा कॉम्प्युटर त्या यंत्राला जोडलेला होता. यंत्राचा प्रोग्राम ज्या परदेशी कंपनीने दिला, तिने त्याच्या परवान्याला मुदत घालून दिली होती. मुदत संपायच्या आत त्या कंपनीला दुसरीने गिळलं, दुसरीला तिसरीने, आणि परवाना वाढवून कोणाकडून घ्यायचा हे सांगायला कोणी उरलं नाही. यंत्र बसवून गेलेल्या इंजिनिअरने मग फोनवर एक तोडगा सांगितला. रोज सकाळी प्रोग्राम उघडायच्या आधी तारीख मुदतीच्या आतली करायची. फक्त एक सांभाळायचं. प्रोग्रामला एकदा जरी खरी तारीख दिसली तरी तो कायमचा मिटणार, मग पुन्हा तारीख मागे नेऊनही काही होणार नाही.

हे रोज सकाळचं काम मामा करायचे. मामा म्हणजे आमचे मोजणीवाले. लातूरकडून तरुणपणी आले, आधी प्रेस शॉपमध्ये, लोखंडी पत्रे दाबायच्या यंत्रांवर, उभ्याने काम केलं. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहायला मनाई केली, आणि त्या वेळच्या मॅनेजरांनी, जे माणसाकडे बघून निर्णय घेण्याच्या काळातले होते, त्यांना मोजणीच्या खोलीत बसवलं. खोलीत एसी, यंत्रापुढे फिरती खुर्ची. इंग्रजी फार येत नसताना मामा ते यंत्र शिकले. कुठला मेनू उघडायचा हे ते शब्दांवरून नाही, जागेवरून ओळखायचे: वरून तिसरा, मग खालून दुसरा. रिटायर व्हायला चार वर्षं राहिली होती. "च्यार वर्सं ह्या खुर्चीवर निघाली की झालं, सर," असं ते दर दोन दिवसांनी म्हणत. त्यांना दुसरं काही नको होतं. बढती नको, सत्कार नको. चार वर्षं बसायला मिळावं.

इंटरनेटला जोडलं की कॉम्प्युटर खरी तारीख आपणहून विचारून घेतो, एवढं मामांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नेटवर्कच्या वायरीच्या खाचेवर लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. चिकटपट्टी जुनी झाली की नवी लावत. मोजमापं कागदावर उतरवून घेत आणि खरी तारीख घातलेल्या आमच्या तक्त्यात स्वतः हाताने भरत. ग्राहक कंपन्यांचे तपासनीस आले की तक्ता बघत, समाधान पावत आणि जेवायला जात.

मी त्याच कंपनीत क्वालिटीची कागदपत्रं सांभाळतो. कॉम्प्युटरचं माझं शिक्षण काही नाही. पण मी वाचतो. एकदा माझ्या हातून बंद पडलेला प्रिंटर सुरू झाला, आणि तेव्हापासून कारखान्यातला कुठलाही पडदा काळा झाला की मला हाक येते. मीही कधी 'मला येत नाही' असं म्हटलं नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे असं मला आता वाटतं.

गेल्या वर्षी ग्रुपच्या मुख्य ऑफिसातून मेल आला की जुन्या सिस्टीमला आता ती बनवणाऱ्या कंपनीकडून मदत मिळणार नाही, तेव्हा सगळ्या डेस्कटॉपवर नवी सिस्टीम चढवायची आहे. कुठला कॉम्प्युटर ती पेलेल आणि कुठला नाही, याची यादी करा. यादी अर्थातच माझ्याकडे आली.

त्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय निघेना. आमची बस काळेवाडी फाट्यावरून सुटते, मी रहाटणीचा, त्यामुळे मला बहुतेक वेळा खिडकी मिळते. मोशीच्या पुढे गाडी अडकली की बसमधले सगळे तज्ज्ञ होतात.

"आता जे अपडेट येणार आहे ना भावा, त्यात कीबोर्डच नाही," टूलरूममधला एक जण सांगत होता. "नुसतं बोलायचं. कॉम्प्युटर ऐकणार आणि काम करणार."

"आपल्या प्रेस शॉपमध्ये? तिथं बायकोचा फोन ऐकू येत नाही राव."

"म्हणून तर तू तिथं ड्यूटी मागून घेतलीस."

"हसू नका. डेस्कटॉपच बंद होणार आहेत," मागून अकाउंट्सवाले म्हणाले. "माझा भाचा हिंजवडीत आहे. तो म्हणतो, डबाच राहणार नाही. नुसता पडदा. बाकी सगळं लांब कुठेतरी असणार."

"लांब म्हणजे कुठं?"

"ते त्याला पण माहीत नाही."

"मग तो तिथं काय करतो?"

मामा या चर्चेत बोलत नसत. ते पुढच्या सीटवर पाय लांब करून बसायचे. उतरताना मात्र माझ्यासाठी थांबायचे आणि गेटपर्यंत हळूहळू चालत विचारायचे, "काय म्हनायलेत सर? ते नवं आपल्या डब्याला चालंल का?"

खरं उत्तर मला माहीत होतं. नवी सिस्टीम त्या डब्याला पेलणार नव्हती. नवा डबा आणला तर यंत्राची जाड, खूप पिनांची वायर लावायला त्याच्यात जागाच नव्हती. जागा केली तरी जुना प्रोग्राम नव्या सिस्टीमवर उघडणार नव्हता. म्हणजे त्या खोलीचं भवितव्य एका ओळीत सांगता आलं असतं. पण मी रात्री बसून काही काही वाचत असे, आणि सकाळी मामांना त्यातलं ऐकवत असे. जुन्या सिस्टीमला मुदतवाढ मिळू शकते. जुने प्रोग्राम नव्यात चालवायची सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणतात. बसमधले अंदाज आणि माझे अंदाज यांत फरक एवढाच होता की माझी वाक्यं लांब होती. मामा ऐकून घेत आणि म्हणत, "तुमी हाव म्हनून बरंय."

यादीत मी त्रेचाळीस कॉम्प्युटर लिहिले. बेचाळीसपुढे 'होय'. मोजणीच्या खोलीपुढे 'नाही' लिहायला हात होईना, म्हणून 'शेरा पाहावा' असं लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'यंत्राशी संलग्न, सध्या जसा आहे तसा ठेवावा' असं घातलं. वर्षानुवर्षं कागदपत्रं केल्याने मला एक गोष्ट कळली आहे. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही. मला तेव्हा तेच हवं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. प्रेसला नारळ फोडतात. कॉम्प्युटरलाही फूल असतं, कीबोर्डच्या वर ठेवलेलं, आणि दुपारी ते कीबोर्डमध्ये पाकळ्या सोडतं. या वर्षी पूजेला पाहुणे होते: मुख्य ऑफिसातले डिजिटल प्रमुख. त्यांच्यासाठी कँटीनमध्ये मांडव होता, खुर्च्यांना पांढरी कापडं आणि मागे लिंबाच्या रंगाचे बो बांधले होते. भिंतीवर एक मोठा टीव्ही बसवला होता. त्यावर आमच्या कारखान्याचा नकाशा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या जागी एक ठिपका. जोडलेला असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

पूजा झाल्यावर साहेबांनी डेस्कटॉपच्या भवितव्यावर भाषण केलं. पुढच्या काही वर्षांत टेबलावर काहीच नसेल, असं ते म्हणाले. नुसतं काचेचं टेबल. कॉम्प्युटर म्हणजे वस्तू नाही, तो एक अनुभव आहे. हे ऐकताना ओव्हरटाइम करून आलेले दोघेजण शेजारी शेजारी झोपले होते. त्यांचाही अनुभवच म्हणायचा. येणारं अपडेट हे अपडेट नसून मनाची तयारी आहे, असंही एक वाक्य होतं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मोकळे हात त्या वेळी उठून दिसतात.

भाषण चालू असताना आमचे प्लांट मॅनेजर माझ्या कानाशी आले.

"तो एक लाल कशाचा आहे?"

"मोजणीचा, सर. त्याला नेटवर्क देत नाही आपण."

"आत्ता फोटो आहे. साहेब टीव्हीसमोर उभे राहणार. बेचाळीस हिरवे आणि एक लाल? कसं दिसेल ते?"

"त्याची तारीख..."

"पाच मिनिटं लावा. फोटो झाला की काढा. आणि खोलीत पण फोटो आहे, स्क्रीनवर ते रंगीत चित्र येऊ द्या, भागाचं. काळा पडदा नको."

मी वायर घेऊन गेलो. मामा दगडी टेबलाच्या कडेने रांगोळीची रेघ ओढत होते, खुर्चीत बसूनच, खुर्ची पायाने सरकवत. टेबलाला माळ, कॉम्प्युटरला माळ. मामांच्या कपाळावर मोठं कुंकू.

"मामा, पाच मिनिटं नेटवर्क लावायचंय. प्रोग्राम पण उघडा."

त्यांचा हात थांबला. "तारीख बदलंल ना सर?"

इथे मी जे बोललो ते मला शब्दशः आठवतं. "लगेच नाही बदलत हो. मी वाचलंय. आठवड्यातून एकदा विचारतो तो. पाच मिनिटांत काय होतंय?"

मी ते खरंच वाचलं होतं. कुठल्या सिस्टीमबद्दल, कुठल्या वर्षीचं, हे बघितलं नव्हतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणता आलं असतं त्यांना. पण मॅनेजरचा निरोप होता, सणाचा दिवस होता, आणि वर मी वाचलेलं होतं. त्यांनी प्रोग्राम उघडला. रंगीत चित्र आलं. नखाने त्यांनीच लाल चिकटपट्टी सोडवली आणि ती फेकली नाही, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली, परत लावायला. मी वायर खोचली. कँटीनमधून टाळ्या ऐकू आल्या, ठिपका हिरवा झाला असणार.

साहेब खोलीत आले, यंत्राला हात जोडले, फोटो झाला. "ब्यूटिफुल," ते माळेकडे बघून म्हणाले. मग मामांना विचारलं, "नव्या बदलांसाठी तयार ना?" मामा म्हणाले, "हाव साहेब." सगळे गेले. साहेबांची पाठ वळताच मी वायर काढली. पाच मिनिटंही झाली नव्हती.

कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख होती. बरोबर, मिनिटासकट.

आम्ही दोघं बघत राहिलो. पडद्यावरचं रंगीत चित्र अजून तसंच होतं. मामांनी तारीख मागे नेली, जूनमधला मंगळवार केला, अगदी हळू, प्रत्येक बटण दाबून त्याच्याकडे बघत. मग चित्र गेलं आणि एक लहान चौकट आली. मामांनी ती जागेवरून वाचायचा प्रयत्न केला, पण ही चौकट त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

"काय म्हनायलाय सर?"

"परवाना संपला म्हणतोय."

"मागं नेली की तारीख."

"नेली. पण त्याने खरी बघितली होती."

मामा म्हणाले, "बंद करून चालू करू का?" मी म्हटलं करा. बंद करून चालू केलं. सात वेळा केलं. मला येणारं आणि न येणारं सगळं करून झालं तेव्हा बाहेर प्रसादाचे पेढे वाटून संपले होते. कोणीतरी आमच्या वाट्याचे दोन कागदात बांधून दारात ठेवून गेलं होतं. ते आम्ही खाल्ले नाहीत.

पुढचे तीन आठवडे मी मेल लिहिले. ज्या तिसऱ्या कंपनीकडे तो प्रोग्राम आता असायला हवा होता, तिला लिहिलं. तिकडून एका यंत्राने आपोआप उत्तर दिलं की आमचा प्रश्न कंपनीला फार महत्त्वाचा वाटतो. मग एका माणसाने उत्तर दिलं की जुना परवाना वाढवता येत नाही, परंतु नवीन यंत्र, नवीन प्रोग्राम आणि वार्षिक वर्गणी अशी योजना आहे. पुण्यातल्या एजंटाने येऊन दगडी टेबलावर हात फिरवला आणि म्हणाला, "दगड मस्त आहे हो. अजून शंभर वर्षं टिकेल." दगडाबद्दल कोणाची तक्रार नव्हतीच.

मी मॅनेजरांकडे गेलो. वायर मी लावली, तारीख बदलणार नाही असं मी सांगितलं, हे त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर काहीतरी सुरू झालं असतं, चौकशी, खुलासा, काहीही. ते म्हणाले, "अहो, कोणाची चूक शोधायची संस्कृती नाही ना आपली आता. आणि नवी सिस्टीम चढली की तसाही तो जाणारच होता. चार महिने आधी गेला." हे खरं होतं, आणि त्याने काहीच सोपं झालं नाही. मामांना चार महिने नव्हे, चार वर्षं हवी होती. पण त्या चार महिन्यांत काही केलं असतं तर, जुना डबा तसाच चालू ठेवायचा एखादा कागद मंजूर करून घेतला असता तर, हे मी मनात पुष्कळ वेळा रचून बघितलं. रचताना ते दर वेळी जमतं.

ठरलं असं की मोजणी बाहेर भोसरीच्या एका लॅबकडून करून घ्यायची, रोज सकाळी टेम्पोने नमुने जाणार. मोजणीच्या खोलीत मीटिंग घेणार. आणि मामा लाईनवर, शेवटच्या तपासणीला. तिथे आठ तास उभं राहायचं असतं. लाईनवर बसायला काही ठेवायचं नाही असा नियम आहे. बसलं की माणूस मंदावतो, असं एका सल्लागाराने बारीक रेघांच्या तक्त्यावर दाखवलं होतं. सल्लागार पूर्ण दिवस बसून दाखवत होता.

बदलीचं पत्र इंग्रजीत असतं, आणि ते मीच लिहितो. लिहिलं. मामांना केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

"काय लिवलंय सर?"

मी मराठीत सांगितलं. सिस्टीम बदलल्यामुळे, कामाच्या गरजेनुसार, शेवटच्या तपासणीला. डॉक्टरांचं जुनं सर्टिफिकेट सोबत जोडलंय.

"चूक कुनाची म्हनून लिवलीय?"

"कोणाचीच नाही. तसं काही लिहिलेलं नाही."

"बरं झालं," मामा म्हणाले. "मला वाटलं तुमचं नाव यायलंय का काय. पोरंबाळं हायत तुमाला."

त्यांनी सही केली. मी बरंच वाचलेलं आहे, पण असल्या वेळी बोलायचं वाक्य त्यात कुठे नव्हतं. मामा टेबलाला रेटा देऊन उठले, डावा पाय आधी सरळ करून मग टेकवायची त्यांची पद्धत आहे, आणि गेले.

लाईनवरच्या तिसऱ्या दिवशी मी कँटीनमधून एक प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि मामांच्या टेबलाखाली नेऊन ठेवलं. लाईनचा सुपरवायझर तिशीतला आहे, सभ्य आहे. मला बघून हसला. मामा म्हणाले, "कामून तरास घेतला सर." बसले मात्र नाहीत. मी तिथून जाईपर्यंत तरी नाहीत.

दुपारी स्टूल माझ्या केबिनच्या दारात होतं. आमच्याकडे नको असलेल्या वस्तूला लाल कार्ड बांधायची पद्धत आहे. मोडके पान्हे, गंजलेले डबे यांना बांधतात. तसं एक कार्ड त्याच्या पायाला सुतळीने बांधलेलं होतं, नीट अक्षरात भरलेलं. वस्तू: स्टूल. संख्या: एक. कारण: जागेवर गरज नाही.

मी केबिनच्या काचेतून बघितलं. लाईन चालू होती. मामा भाग उचलून उजेडात धरत होते, फिरवत होते, पेटीत ठेवत होते. दर भागाला ते डावा कोपर टेबलावर टेकवायचे आणि मान खाली घालायचे, जणू कडा जवळून बघतायत. लांबून कोणाला ते तपासणं वाटलं असतं. मी मोजलं, एका भागाला ते तसे दहा-बारा सेकंद टेकत होते. मग सुपरवायझर तिकडे वळला, आणि मामा सरळ उभे राहिले.